हंपीत आपण कोण म्हणून जातो?

हंपीला जाऊन आलेल्या आपल्यापैकी अनेकांना एक क्षण ओळखीचा असेल. विठ्ठल मंदिराच्या आवारात किंवा हात तुटलेल्या नरसिंहाच्या मूर्तीसमोर गाइड थांबतो, आवाज जरा खाली आणतो आणि म्हणतो, “और फिर मुसलमान आए.” त्या चार शब्दांत साडेचारशे वर्षांपूर्वीचं एक गुंतागुंतीचं युद्ध संपतं. आणि ग्रुपमधल्या आयेशाला किंवा इम्रानला त्या क्षणी नेमकं कुठे बघावं ते कळत नाही.

पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. काही जण अशा ठिकाणी पुन्हा जायचं नाही असं मनाशी ठरवतात. काही जण रात्री हॉटेलात मोबाइल काढून उत्तरं जमवायला लागतात. मराठा फौजेतल्या पेंढाऱ्यांनी १७९१ मध्ये शृंगेरीचा मठ लुटला होता, टिपूने तो सावरायला मदत केली होती, अमक्या राजाने तमक्या राजाची मूर्ती पळवली होती, वगैरे. पहिला गट आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो, दुसरा आरोपीचा वकील होतो. खटला आपल्यावर आहे, हे मात्र दोघांनीही मान्य केलेलं असतं.

माझं म्हणणं आहे की या दोन्ही जागा आपल्या नाहीत. हंपीत तिसऱ्या नात्याने जाता येतं, आणि ते नातं कुणी मेहेरबानी म्हणून देण्याची गरज नाही.

मी इतिहासकार नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, मूळचा सोलापूरचा. गेल्या हिवाळ्यात बायको आणि कॉलेजचे दोन मित्र मिळून सोलापूर, विजापूर, गदग, होस्पेट असे टप्पे घेत हंपी पाहून आलो. जाण्यापूर्वी आणि आल्यावर जमेल तेवढं वाचलं. जे वाचलं आणि पाहिलं, त्याच्या आधारावर हे लिहितो आहे.

आधी जे निर्विवाद आहे ते. तुंगभद्रेच्या दक्षिण काठावरचं विजयनगर हे दोनशेहून अधिक वर्षं दक्षिणेतल्या सगळ्यांत मोठ्या राज्याचं राजधानीचं शहर होतं. १९८६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. चार हजारांहून अधिक हेक्टरवर सोळाशेहून जास्त अवशेष पसरलेले आहेत: मंदिरं, बाजार, राजवाड्यांचे चौथरे, तलाव, पाण्याचे दगडी पाट, कोट, हत्तीखाना. तैमुरी बादशहा शाहरुखचा वकील अब्दुर रज्जाक समरकंदी १४४३ मध्ये इथे आला होता. एकात एक सात तटबंद्या असलेलं हे शहर पाहून तो थक्क झाला आणि त्याने तसं लिहूनही ठेवलं.

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेजवळ झालेल्या लढाईत विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर या चार सुलतानांच्या फौजांनी विजयनगरचा पराभव केला. आपण तिला तालिकोटची लढाई म्हणतो, काही जण राक्षसतागडी म्हणतात. राज्याचा खरा कारभारी रामराय पकडला गेला आणि हुसेन निजामशहाने त्याचं डोकं उडवलं. रामरायाचा भाऊ तिरुमल खजिना घेऊन पेनुकोंड्याकडे गेला. राजधानी उघडी पडली आणि विजयी फौजांनी ती लुटली. मंदिरं फोडली गेली, आगी लागल्या. १५२८ मध्ये एका अखंड शिळेतून कोरलेल्या नरसिंहाचे हात तुटले आणि त्याच्या मांडीवरची लक्ष्मी नाहीशी झाली.

हे घडलं. ते वाईट होतं. हे म्हणताना आपली जीभ अडखळायचं काही कारण नाही. कुणीतरी कित्येक महिने छिन्नी चालवून घडवलेली, लोक ज्याच्यापुढे हात जोडत होते अशी वस्तू फोडणं हे १५६५ मध्येही वाईट होतं आणि आजही आहे. “पण त्यांनीही...” हे शेपूट लावलं की या साध्या वाक्यातला प्रामाणिकपणा निघून जातो. शृंगेरीची लूट खरी आहे, पण ती हंपीचं उत्तर नाही. ती शृंगेरीच्या संदर्भात सांगावी, तिथे ती तितक्याच स्पष्टपणे वाईट आहे.

एवढं मान्य केलं की मग “और फिर मुसलमान आए” या वाक्याकडे वळता येतं. या वाक्यातला “आए” हा शब्दच चुकीचा आहे, कारण मुसलमान तिथे आधीपासून होते.

शहराच्या ईशान्य भागात, तळरीघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, एक साधी इमारत आहे. पर्यटकांच्या नेहमीच्या फेरीत ती येत नाही. आमच्या गाइडला माझ्या बायकोने त्या जागेबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, वहाँ कोई नहीं जाता.” पण घेऊन गेला. ग्रॅनाइटचे चौकोनी खांब, वर दगडी तुळया, सपाट छत. लांबून कुठल्याही देवळाचा मंडप वाटावा अशी. आत गेल्यावर पश्चिमेच्या भिंतीत कोनाडा दिसतो, तेव्हा कळतं की ही मशीद आहे. तिला घुमट नाही, मिनार नाही. शेजारी घुमट असलेली एक कबर आहे. ही मशीद १४३९ मध्ये दुसऱ्या देवरायाच्या पदरी असलेल्या अहमद खान नावाच्या सरदाराने बांधली. तिथल्या कन्नड शिलालेखात तिला धर्मशाळा म्हटलं आहे आणि राजाला पुण्य लाभावं म्हणून ती बांधल्याचं नोंदलं आहे.

हे पुन्हा सावकाश वाचा. एक मुसलमान सरदार मशीद बांधतो, कन्नडमध्ये लेख कोरतो, इमारतीला धर्मशाळा म्हणतो आणि त्याचं पुण्य आपल्या हिंदू राजाच्या खाती टाकतो. ही तालिकोटच्या सव्वाशे वर्षं आधीची गोष्ट आहे. तिथे मुसलमानांची वस्ती होती, कबरस्तान होतं. दुसऱ्या देवरायाने मुसलमान धनुर्धारी आणि घोडेस्वार सैन्यात भरती केले होते. त्यांना मुजरा करताना अडचण वाटू नये म्हणून त्याने सिंहासनासमोर कुरआनची प्रत ठेवायची व्यवस्था केली होती, असं फरिश्ता हा इतिहासकार सांगतो.

राजघराण्याचं राहणीमानही पाहा. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून इथले राजे स्वतःला “हिंदुरायसुरत्राण” म्हणवून घेत. सुरत्राण म्हणजे सुलतान. हिंदू राजांमधला सुलतान ही त्यांना मानाची पदवी वाटत होती. दरबारात ते उंच टोपी आणि लांब अंगरखा घालत. त्या पोशाखाची नावं कुल्लायी आणि कबायी अशी होती, आणि दोन्ही फारसी-अरबी जगातून आलेली. फिलिप वॅगनर या अभ्यासकाने यावर १९९६ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला आहे. कमळ महालाच्या कमानी, हत्तीखान्याच्या अकरा दालनांवरचे वेगवेगळ्या घडणीचे घुमट, राणीचं स्नानगृह, या सगळ्यांत बहमनी पद्धतीची छाप उघड दिसते. हत्तीखान्यासमोर आमचा गाइड अभिमानाने म्हणाला, “ये इंडो-इस्लामिक स्टाइल है.” तासाभरापूर्वी “मुसलमान आए” म्हणणारा तोच माणूस. त्याला दोष द्यायचा नाही. त्याला जे पाठ करायला मिळालं, ते तो म्हणतो. दोन्ही वाक्यं एकमेकांना भेटत नाहीत, कारण ती कधी कुणी शेजारी ठेवून पाहिलेली नाहीत.

आता लढाईकडे. आपल्या सोलापूरकरांना या लढाईत एक घरचा धागा सापडतो. सोलापूर आणि कल्याणी हे दोन किल्ले निजामशाही आणि आदिलशाहीतलं कायमचं भांडण होतं. एकाने घ्यायचे, दुसऱ्याने परत मिळवायचे. या भांडणात अली आदिलशहा मदत मागायला कुणाकडे जात होता? रामरायाकडे. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली आदिलशहा सांत्वनासाठी स्वतः विजयनगरला गेला आणि रामरायाच्या बायकोने त्याला मुलगा मानलं, असं फरिश्ता लिहितो. पुढे रामराय, आदिलशहा आणि कुतुबशहा या तिघांनी मिळून निजामशाहीवर चढाई केली. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा तर गादीवर येण्यापूर्वी सात वर्षं विजयनगरच्या आश्रयाला राहिला होता. इब्राहिम आदिलशहाने नोकरीवरून काढलेले परदेशी शिपाई रामरायानेच आपल्या फौजेत घेतले होते.

म्हणजे तालिकोटच्या आधीची वीस वर्षं हे सगळे एकमेकांना घरोब्याने ओळखत होते. रामराय आज याच्या बाजूने, उद्या त्याच्या बाजूने उभा राहायचा आणि प्रत्येक वेळी काही मुलूख किंवा किल्ले पदरात पाडून घ्यायचा. अखेर सुलतानांच्या लक्षात आलं की आपल्या भांडणात मोठा होतो आहे तो तिसराच. मग सोयरिकी झाल्या. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून दिला सोलापूरचा किल्ला. ज्या किल्ल्याच्या बागेत आम्ही लहानपणी रविवारी भेळ खायला जायचो, तो तालिकोटच्या तहातला एक मोहरा होता.

आणखी एक गोष्ट. रामरायाचं डोकं उडवणारा हुसेन निजामशहा कुणाचा वंशज होता? निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, विजयनगरच्या मुलखातून बहमनी फौजेने पकडून आणलेला आणि घराणं मूळचं परभणीकडच्या पाथरीचं, असं फरिश्ता सांगतो. मलिक हसन हा हुसेनचा पणजोबा. आता या लढाईला दोन धर्मांची लढाई म्हणायचं असेल तर रेघ नेमकी कुठून ओढायची?

हे सांगताना मला एका दुसऱ्या सापळ्याची भीतीही वाटते. इतिहास गुंतागुंतीचा होता असं सिद्ध करत करत आपण “म्हणजे तसं काही झालंच नाही” इथे पोहोचतो. तसं नाही. सुलतानांनी विजयाचे कागद धर्माच्या भाषेत लिहून घेतले. फौजेतल्या काहींनी मूर्ती फोडताना सवाब मिळतो असं मानलं असेल, त्यांच्या दरबारी लेखकांनी तरी तशी भलामण केली. रामरायाच्या फौजांनी निजामशाहीतल्या स्वारीत मशिदींची विटंबना केली, असाही आरोप फरिश्ता करतो. धर्म या सगळ्यात होता. पण युद्ध कुठल्या किल्ल्यासाठी, कुठल्या मुलखासाठी होणार आणि कुणाशी हातमिळवणी करून, हे धर्म ठरवत नव्हता.

तोडफोडही सरसकट नव्हती. राजघराण्याच्या प्रतिष्ठेशी जोडलेल्या वास्तूंवर मोठा घाव पडला. विरूपाक्षाचं मंदिर मात्र उभं राहिलं आणि तिथे आजही रोज पूजा होते. हरलेल्या राजाच्या सत्तेची खूण असलेली मंदिरं लक्ष्य व्हायची, असं रिचर्ड ईटन यांनी दक्षिणेच्याच नव्हे तर एकूण उपखंडाच्या संदर्भात मांडलं आहे. हंपीतच त्याचा दुसरा दाखला आहे. कृष्णदेवरायाने ओडिशाच्या गजपती राजाकडून उदयगिरी जिंकलं, तिथली बालकृष्णाची मूर्ती राजधानीत आणली आणि १५१५ मध्ये तिच्यासाठी कृष्ण मंदिर बांधलं. एका हिंदू राजाने दुसऱ्या हिंदू राजाचा देव जिंकून आणला. त्याने मूर्ती फोडली नाही, तिची पूजा केली, हा मोठा फरक आहे आणि तो नोंदवला पाहिजे. पण देव हा राज्याचा मानबिंदू आहे आणि तो हातात घेतला की विजय पुरा होतो, ही समज दोन्हीकडे होती. हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही. यातला फरक सांभाळता आला तरच हे उदाहरण द्यावं, नाहीतर देऊ नये.

विजयनगरच्या फितुरीची गोष्टही तुम्हाला ऐकवली जाईल. लढाई रंगात असताना रामरायाचे दोन मुसलमान सरदार फिरले, म्हणून पराभव झाला. ही गोष्ट सीझर फेडरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याकडून येते. तो लढाईनंतर दोन वर्षांनी, १५६७ मध्ये विजयनगरात आला आणि काही महिने राहिला. त्याने जे ऐकलं ते लिहिलं. खरं असेलही. पण याच फेडरिचीने हेही लिहिलं आहे की शहर पूर्ण नष्ट झालेलं नाही, घरं उभी आहेत पण रिकामी आहेत. त्याची पहिली नोंद सगळ्यांना पाठ असते, दुसरी कुणी सांगत नाही. जुना दस्तऐवज वाचताना आपल्याला हवी ती ओळ उचलायची नाही, एवढी शिस्त तरी आपण पाळू.

आता मुद्द्याची आणि थोडी कडू गोष्ट, जी आपल्याच लोकांशी बोलायची आहे.

“आम्ही या देशावर आठशे वर्षं राज्य केलं” हे वाक्य आपल्या लग्नाच्या पंगतीत, कट्ट्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर किती सहज येतं! कोणी केलं राज्य? माझे आजोबा पिंजारी होते. खांद्यावर धनुकली टाकून सोलापूरच्या गल्ल्यांतून कापूस पिंजत आणि गाद्या भरत फिरायचे. त्यांचे आजोबाही तेच करत असणार. आपल्यातले बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, शिकलगार, मुलाणी, खाटीक यांचे पूर्वज कुठल्या तख्तावर बसले होते? सुलतानाच्या काळात त्यांनी सारा भरला, वेठ केली, फौज गावावरून गेली की उभं पीक गमावलं. शेजारचा कुणबी गमावत होता तसंच.

तरीही आपण सुलतानांच्या नावाने छाती फुगवतो. आणि मग कोणी त्याच सुलतानांच्या नावाने आपल्यापुढे बिल ठेवलं की आपल्याला राग येतो. हे दोन्ही एकत्र चालणार नाही. वारसा लावून घेताना कर्ज वगळून फक्त मिळकत घेता येत नाही. तख्त आपलं म्हणालात, तर नरसिंहाचे तुटलेले हातही आपल्याच खात्यावर येतील. मला तख्तही नको आणि ते खातंही नको. मला हवा असलेला वारसा अहमद खानाच्या मशिदीचे खांब घडवणाऱ्या पाथरवटांचा आहे. तेच हात देवळाचा मंडपही घडवत होते, म्हणून तर दोन्ही सारखे दिसतात.

तालिकोटच्या विजेत्यांचं पुढे काय झालं हेही पाहा. त्यांची एकी फार टिकली नाही, सीमेवरच्या किल्ल्यांसाठी ते पुन्हा एकमेकांवर उठले. बीदर १६१९ मध्ये विजापूरने गिळलं. निजामशाही १६३६ मध्ये मोगलांनी संपवली, विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये औरंगजेबाने. म्हणजे ज्या चौघांच्या विजयाला आज इस्लामचा विजय म्हटलं जातं, त्यातल्या एकाला दुसऱ्याने गिळलं आणि उरलेल्या तिघांना मुसलमान बादशहांनीच संपवलं. आम्ही जाताना विजापूरला उतरलो होतो. १५४९ मध्ये नगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ तिथल्या बुरुजावर पडून आहे. मुलं तिच्या तोंडात डोकं घालून फोटो काढतात. आजूबाजूला पडके महाल आहेत. विजापूर आणि हंपी लागोपाठ पाहिलं की दोन्ही ठिकाणचा चुना सारखाच गळतो हे लक्षात येतं.

पृथ्वीवर फिरा आणि आधीच्या सत्ताधाऱ्यांचा शेवट काय झाला ते बघा, हे आवाहन कुरआनात पुन्हा पुन्हा येतं. हंपीसारख्या जागी जायला आपल्याला याहून वेगळं आमंत्रण नको. एकाच्या कर्माचं ओझं दुसरा वाहत नाही, हेही तत्त्व तिथलंच आहे. हुसेन निजामशहाने जे केलं त्याचा हिशोब त्याच्याकडे. तो माझ्या मुलीच्या दप्तरात कुणी घालू शकत नाही, आणि त्याचा विजयही मी तिच्या दप्तरात घालणार नाही.

मग आपलं नातं काय? माझ्या कामातलं उदाहरण देतो. नव्या कंपनीत रुजू झालं की बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेला दहा-पंधरा वर्षांचा जुना कोड हातात येतो. त्यातल्या चुका तुम्ही केलेल्या नसतात. त्या कुणी केल्या हे नोंदींमध्ये दिसतं, ते शोधावंही लागतं, कारण त्याशिवाय दुरुस्ती होत नाही. पण “हे माझं नाही” म्हणून तुम्ही हात वर करू शकत नाही. आता तो चालवायची आणि सांभाळायची जबाबदारी तुमची असते. दोष नाही, पण जबाबदारी आहे. हंपीशी माझं नातं असं आहे. ती भारताच्या नागरिकाला मिळालेली मालमत्ता आहे आणि मी नागरिक आहे.

या जबाबदारीला आज रोजचा अर्थ आहे. २०१९ च्या सुरुवातीला हंपीतला एक खांब ढकलून पाडतानाचा व्हिडिओ पसरला होता. चार तरुण पकडले गेले. कोर्टाने प्रत्येकाला सत्तर हजार रुपये दंड केला आणि पाडलेले खांब त्यांच्याच हातांनी पुन्हा उभे करायला लावले. मला हा निकाल फार आवडतो. ज्याने पाडलं त्यानेच उभं करायचं, त्याच्या जातभाईंनी किंवा धर्मबांधवांनी नाही, आणि पाचशे वर्षांनीही नाही. आज एकेका मशिदीखाली काय आहे हे खणून पाहायची मागणी होते, तेव्हा या साध्या न्यायाची आठवण ठेवायला हवी. १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याने अयोध्या वगळता १५ ऑगस्ट १९४७ ही रेघ ओढली, ती याच समजुतीतून. त्या दिवशी जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचं होतं ते तसंच राहील. ही रेघ आपल्याला वाचवते म्हणून चांगली आहे, असं नाही. ती सगळ्यांनाच वाचवते.

महाराष्ट्रातल्या माणसाला हंपीत आणखी एक दार उघडं सापडतं. पन्नासच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे तो दगडी रथ विठ्ठल मंदिराच्या अंगणात आहे. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि संत भानुदासांनी तो परत आणला, ही कथा वारकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. भानुदास म्हणजे संत एकनाथांचे पणजोबा. कथेचा ऐतिहासिक पुरावा अभ्यासक तपासत राहोत. माझ्या मित्राची आई दरवर्षी वारीला जाते, त्यामुळे त्याला ती पाठ होती. रथाजवळ उभं राहून त्याने ती आम्हाला सांगितली. मी त्याला अहमद खानाची सांगितली. त्या दिवसातला सगळ्यांत चांगला अर्धा तास तोच होता. आम्ही दोघांनीही एकमेकांकडून काही वसूल केलं नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं साधं आहे. हंपीला जा. किमान दोन दिवस काढा. वाटेत विजापूरला उतरा. विठ्ठल मंदिर आणि विरूपाक्ष तर पाहालच, शिवाय राजवाड्याच्या भागातली पायऱ्यांची पुष्करणी बघा. तिच्या दगडांवर कुठला दगड कुठल्या ओळीत बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत, इंजिनिअर लोकांना त्या विशेष आवडतील. विजयनगरच्या काळात काढलेल्या कालव्यांतलं पाणी अजून भाताला आणि केळीला मिळतं, त्या कालव्याच्या काठाने चाला. अहमद खानाच्या मशिदीचा रस्ता गाइडला आधीच विचारून ठेवा. पाच-दहा जणांनी विचारलं की ती जागा त्याच्या फेरीत येईल.

आणि नरसिंहासमोर तो “और फिर मुसलमान आए” म्हणाला, तर मान खाली घालू नका, भांडूही नका. त्याला विचारा: कोणते चार सुलतान? त्यांच्या विरुद्ध बाजूला कोण कोण होतं? सोलापूरचा किल्ला त्यात कसा आला? त्याला माहीत असेल तर ऐका, नसेल तर सांगा. आणि मूर्तीचे हात कुणी तोडले असं सोबतच्या कुणी विचारलं, तर तेही तुम्हीच सांगा, स्पष्ट शब्दांत.